बीपीच्या गोळीने पाय सुजले, सुजेसाठी दुसरी गोळी, आणि आईचं सोडियम ११४ वर

कृष्णाकाठ (१२ जून, रात्री १०:१५)

आई काल घरी आली. नऊ दिवस दवाखान्यात होती, त्यातले चार आयसीयूत. आत्ता ती झोपली आहे म्हणून बसून लिहिते आहे. लांबेल, पण वाचा. यातली एखादी पायरी तुमच्या घरात आत्ता चालू असू शकते.

आई ७१ वर्षांची, अंगाने बारीक, वजन ४६ किलो. बीपी दहा वर्षांपासून आहे आणि इतकी वर्षं अम्लोडिपिन ५ वर ते नीट राहिलं होतं. फेब्रुवारीत वरचं १६० च्या पुढे जायला लागलं म्हणून ५ ची गोळी १० ची झाली. बीपी उतरलं, आम्ही निश्चिंत.

मार्चअखेर तिची जोडवी रुतायला लागली. उन्हाळा आहे, पाय सुजतात, असं आम्ही धरून चाललो. संध्याकाळी घोट्याजवळ बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. सकाळी पाय बरेच उतरलेले असायचे, त्यामुळे डॉक्टरांना दाखवणं आजचं उद्यावर. एप्रिलच्या शेवटी उजव्या पायाचं बोट जांभळं दिसलं. साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला, जोडवं हलेना. शेवटी सोनाराकडे नेऊन कापून घेतलं. आई तिथे रडली. दुखलं म्हणून नाही, लग्नातलं जोडवं होतं ते.

मग जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. 'अंगात पाणी धरलंय' म्हणून ५ मेपासून लघवीची गोळी सुरू झाली, हायड्रोक्लोरोथायझाइड २५. शिवाय मीठ एकदम कमी करा आणि उन्हाळा आहे, पाणी भरपूर प्या, हा सल्ला. आईने तो तंतोतंत पाळला. रोज तीन-साडेतीन लिटर पाणी आणि अळणी आमटी. पायाची सूज मात्र होती तिथेच.

२८ मेपासून तिची अन्नावरची वासना गेली. मळमळ, झापड. पित्त म्हणून गोळी मिळाली. ही तिसरी. २ जूनच्या संध्याकाळी मी पानं घेत होते, तर आई दारातून म्हणाली, "अक्का जेवली का गं? तिला आधी वाढ." अक्का म्हणजे माझी मोठी मावशी. ती जाऊन आठ वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघराजवळ पडली. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम ११४. असायला हवं १३५ ते १४५.

आयसीयूतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "नवीन गोळी कुठली आणि कधी सुरू झाली?" मला तारखा आठवेनात. बाबांनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यावर ते दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितात. त्याच चौकोनांत 'गोळी १० केली', 'लघवीची गोळी', 'पित्त' असंही लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती पानं टेबलावर ओळीने मांडली आणि पाच मिनिटांत आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. सूज अम्लोडिपिनने आलेली. ती उतरवायला दिलेल्या गोळीने सोडियम पाडलं. सोडियम पडल्याने मळमळ आणि भ्रम, आणि त्याला आम्ही पित्त समजलो.

दोन महिन्यांत आम्ही चार वेळा डॉक्टरांच्या समोर बसलो होतो. 'सूज येण्याआधी काय बदललं?' हे एकदाही कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता लघवीची गोळी बंद, अम्लोडिपिन परत ५ आणि सोबत टेल्मिसार्टन ४०. घरी येताना सोडियम १३४ होतं.

तुमचे अनुभव लिहा: कुठली गोळी, काय त्रास झाला, किती दिवसांनी, पुढे काय केलं. एकच कळकळीची विनंती. 'ती गोळी सोडून द्या' असं इथे कोणी कोणाला सांगू नका.

ओसरी (१२ जून, रात्री १०:५२)

काकूंना जपा. वाचताना हात गार पडले. माझ्या सासूबाई अम्लोडिपिन १० वर आहेत आणि त्यांचे पाय वर्षभर सुजलेले आहेत. आम्ही संधिवात समजून तेल चोळत होतो. लघवीची गोळीही आहे बहुतेक, डबा बघून सांगते.

स्टेथो (१३ जून, सकाळी ७:३०)

कृष्णाकाठ, आईला बरं वाटतंय हे वाचून समाधान वाटलं. मी ३४ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही लिहिलेली साखळी मी अनेकदा पाहिली आहे, आणि उमेदीच्या काळात माझ्या हातूनही असं घडलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं, म्हणूनच बीपी उतरतं. पण पलीकडच्या नीला तेवढ्या सैल होत नाहीत. आत येणारा रस्ता रुंद झाला आणि बाहेर जाणारा तेवढाच राहिला, की मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाजूच्या मांसात झिरपतं. दिवसभर पाय खाली असतात म्हणून संध्याकाळी सूज जास्त दिसते. म्हणजे शरीरात एकूण पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही ती यामुळेच. ५ पेक्षा १० मिलिग्रॅमला ती बरीच जास्त दिसते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त.

यावर उपाय म्हणजे डोस कमी करणं, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलच्या गटातलं औषध जोडणं. या गटाने नीलाही सैल होतात आणि सूज उतरायला मदत होते. तुमच्या डॉक्टरांनी हे दोन्ही केलेलं दिसतंय. काही जणांना सिल्निडिपिनवर बदललं जातं, त्याने सूज कमी येते.

मात्र पायाची प्रत्येक सूज गोळीची नसते. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड हे तपासावंच लागतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. त्या दिवशी थांबू नका.

सोडियमबद्दल. थायझाइड गटातल्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड) चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, अर्धांगापासून वाचवतात. मीही माझ्या रुग्णांना भरपूर दिल्या. पण वयस्कर, बारीक अंगाची बाई आणि वर भरपूर पाणी, हा धोक्याचा मेळ. सोडियम पडायचं तर बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच पडतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा आकडा) बघायचं असतं. ते राहून जातं, आणि ती चूक आमच्या बाजूची असते.

कृष्णाकाठ (१३ जून, सकाळी ८:१०)

स्टेथो, मनापासून आभार. आयसीयूत सोडियम फार सावकाश वाढवत होते. दर काही तासांनी रक्त घ्यायचे आणि आकडा दोन-तीननेच वर जायचा. मी चिडून विचारलं की पटकन का भरत नाही? ते म्हणाले, एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरात कोणावर ही वेळ आली तर माझ्यासारखी घाई करू नका.

माजघर (१३ जून, दुपारी १:२०)

माझा अनुभव खोकल्याचा. २०२१ च्या जानेवारीत रामिप्रिल सुरू झालं. महिन्याभराने घशात खवखव, मग कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. रात्री आडवं झालं की ढास लागायची. दिवस कोविडचे होते. लोकलमध्ये मी खोकले की शेजारची बाई उठून जायची. ऑफिसात माझं टेबल कोपऱ्यात हलवलं. चार वेळा स्वॅब दिला, छातीचा एक्स-रे काढला, टीबीची तपासणी झाली, अॅलर्जीच्या गोळ्या, आम्लपित्ताच्या गोळ्या, खोकल्याची औषधं तर मोजलीच नाहीत. घरात आल्याचा रस आणि ज्येष्ठमध. असे आठ महिने गेले.

शेवटी भावाच्या एका मित्राने फोनवरच विचारलं, "ताई, बीपीची गोळी कुठली घेता?" डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली, टेल्मिसार्टन आलं. लगेच फरक पडला नाही, तीन आठवडे लागले. एका सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं की रात्री एकदाही जाग आली नव्हती.

स्टेथो (१३ जून, दुपारी ३:०५)

माजघर, तुमचा खोकला हा या गटाचा सगळ्यात ओळखीचा दुष्परिणाम. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, शेवटी 'प्रिल' असलेली सगळी यात आली. ही औषधं ज्या एन्झाइमला अडवतात ते ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो साठला की घसा आणि श्वासनळी चाळवते. साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, बायकांना जास्त.

या औषधांचं मूळ ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात आहे. त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक आहे हे सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं, आणि त्याच धाग्याने पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. खोकल्याचं बीज त्या सुरुवातीतच होतं.

खोकल्याने जीव जात नाही. पण याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो. तसं झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. अशा माणसाला तो गट परत कधीच द्यायचा नसतो. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

रानवाट (१३ जून, रात्री ९:४०)

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. एक गोळी, तिच्यासाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी, हेच या धाग्यातून दिसतंय. माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी सगळ्या गोळ्या बंद केल्या. अर्जुनसालीचा काढा, सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि चालणं. ठणठणीत आहेत. वनस्पतींचे दुष्परिणाम नसतात.

नाचणी (१३ जून, रात्री १०:२५)

रानवाट, तुमचे मामा बरे आहेत याचा आनंद आहे. माझे काकाही ठणठणीत होते. चक्कर येते म्हणून त्यांनी गोळी बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही. गणपतीत आरती म्हणता म्हणता त्यांच्या हातातलं तबक खाली आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नंतर कपाटात गोळ्यांच्या सात न फोडलेल्या स्ट्रिपा सापडल्या. काकू अजून म्हणते, "मला एका शब्दाने बोलले असते तर मी डॉक्टरांकडे नेलं असतं."

वाढलेल्या बीपीने बहुतेकांना काहीच होत नाही, डोकंही दुखत नाही. म्हणून 'बरं वाटतंय' हे माप धरू नका. मामांचं बीपी या दोन वर्षांत किती वेळा मोजलं?

बाराखडी (१३ जून, रात्री ११:१०)

वनस्पतींच्या मुद्द्यावर थोडं. सर्पगंधा ही आपलीच वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध लिहिला. त्यामुळे तिच्याकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि डॉ. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. बीपीवर खरोखर चालणाऱ्या पहिल्या औषधांपैकी ते एक, आणि आलं आपल्या झाडाच्या मुळातून.

त्याच रेसर्पिनने नाक चोंदायचं, मरगळ यायची आणि काही माणसं खोल उदास व्हायची. जे शरीरात काम करतं ते कुठेतरी दुसरीकडेही हात लावतं, मग ते मुळीतून येवो की कारखान्यातून. आपल्या वनस्पतींचा मला अभिमान आहे, म्हणूनच त्यांना पाण्यासारखं निरुपद्रवी म्हणवत नाही.

रानवाट (१५ जून, सायंकाळी ६:३०)

नाचणी, तुमचा प्रश्न मनाला लागला. दोन वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं. आज मामांकडे मशीन घेऊन गेलो. पाच मिनिटं शांत बसवून दोनदा घेतलं: १७८/१०४, १७४/१०२. मामी घाबरल्या आहेत. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतोय. काढा घेत होते हेही सांगणार आहे. बाराखडी, माहितीबद्दल आभार.

पऱ्हाटी (१५ जून, रात्री ८:००)

आमचं अकोला. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. वडील टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनच्या जोडगोळीवर आहेत. हिवाळ्यात बीपी १४० च्या घरात, पण मागच्या मेमध्ये शेतातून आले आणि म्हणाले, "माह्या डोक्यात हवा भरल्यावानी लागते." बसून मोजलं तर ११०. चांगलं आहे म्हणून आम्ही गप्प. खाटेवरून उठले आणि धडकन खाली, भुवई फुटून तीन टाके.

डॉक्टरांनी उभं करून बीपी घेतलं तर ८८ निघालं. उन्हाळ्यात बीपी तसंही थोडं उतरतं, घामाने पाणी आणि मीठ जातं, त्यात गोळ्या हिवाळ्याच्याच मापाच्या. त्यांनी डोस कमी केला, दिवाळीनंतर परत पहिल्यासारखा केला. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करून गोळीचं विचारायचं, हेही सांगून ठेवलंय. यंदा एप्रिलमध्येच दाखवून आणलं.

म्हाताऱ्या माणसांचं बीपी बसून मोजलं की नंतर उभं करूनही मोजा. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना सांगा. आणि खाटेवरून एकदम उठू देऊ नका. आधी पाय खाली सोडून बसायचं, मग उठायचं.

औषधवाला (१५ जून, रात्री ९:१५)

माझं मेडिकल आहे, वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. रोज दिसतं ते लिहितो.

बीपीची गोळी घेणारी निम्मी माणसं गुडघ्यासाठी पेनकिलर मागतात, चिठ्ठीशिवाय. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी बीपी वाढतं. बीपी वाढलं की डॉक्टर डोस वाढवतात, कारण पेनकिलरचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यातही सार्टन (टेल्मिसार्टनसारखी गोळी) किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाला मोठा धोका. मी देत नाही म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, तरी देत नाही.

कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमची काही जागा पोटॅशियम क्लोराइडने भरलेली असते. ज्यांना फक्त अम्लोडिपिन आहे आणि मूत्रपिंड ठीक आहे त्यांचा प्रश्न वेगळा. पण टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोजच्या शहाळ्याचंही तेच.

गोळीच्या नावापुढे एक्सएल, एसआर, रिटार्ड असेल तर ती कुटून देऊ नका. आजीला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून दिली असं सांगणारे येतात. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

दातांची डॉक्टर (१५ जून, रात्री ९:४०)

एक छोटी भर. अम्लोडिपिन, निफेडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढल्यासारख्या दिसतात. दाताच्या डॉक्टरांना बीपीची गोळी कुठली ते नक्की सांगा.

गुपचूप (१६ जून, रात्री १२:३५)

वय ४६. हा प्रश्न विचारण्यासाठीच नवीन आयडी घेतला. सहा महिन्यांपूर्वी अटेनोलॉल आणि लघवीची गोळी सुरू झाली. तेव्हापासून पती-पत्नी संबंधात अडचण येते आहे. डॉक्टर वडिलांच्या वयाचे, सोबत बायको असते, बोलवत नाही. चार दिवस गोळ्या बंद करून पाहाव्यात असं रोज मनात येतं.

स्टेथो (१६ जून, सकाळी ६:५०)

गुपचूप, विचारलंत हे फार चांगलं केलंत. अटेनोलॉल स्वतःहून बंद करू नका. ते बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे. असं औषध अचानक थांबवलं की नाडी आणि बीपी उसळी घेतात, ज्यांच्या हृदयाला आधीच त्रास आहे त्यांना झटकाही येऊ शकतो. बंद करायचं तर पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीत.

जुने बीटा ब्लॉकर आणि थायझाइड, दोन्हींच्या बाबतीत ही तक्रार येते. सार्टन गटात ती कमी. म्हणजे बदल शक्य असतो. पण वाढलेलं बीपी आणि साखर यांनी रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी हेच होतं, त्यामुळे कारण तपासूनच ठरवावं लागेल. एकटे जा. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे ठेवा. माझ्यासमोर अशा कितीतरी चिठ्ठ्या आल्या, आणि एकदाही मला लिहिणाऱ्याबद्दल वावगं वाटलं नाही. मेडिकलमधून परस्पर काही आणून खाऊ नका. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर तसल्या गोळ्या जिवावर बेततात.

उपकेंद्र (१६ जून, दुपारी ४:१०)

मी सिंधुदुर्गात आरोग्यसेविका आहे. २०१७ मध्ये देशपातळीवर उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. सातारा, वर्धा आणि भंडारासुद्धा. महिन्याच्या गोळ्या मोफत मिळतात, कार्डावर आकडा लिहिला जातो. कार्डावर दोन महिने कोरे दिसले की मी घरी जाते. बहुतेक वेळा कारण एकच: गोळीने काहीतरी झालं, आणि 'बाईंना सांगितलं तर ओरडतील' म्हणून माणूस यायचाच थांबला.

एका आजींचे पाय सुजले होते. त्या रोज अर्धी गोळी कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकत होत्या. मी जवळ बसले, पाय हातात घेऊन बघितले, तेव्हा सांगितलं त्यांनी. डॉक्टरांना सांगून औषध बदललं. आता महिन्याच्या महिन्याला स्वतः येतात. पहिल्या भेटीतच 'पाय सुजले, खोकला आला तर मला सांगायचं, मी रागावणार नाही' हे आता मी प्रत्येकाला म्हणते.

सातासमुद्र (१६ जून, रात्री ११:००)

लंडनहून लिहिते. पुण्याहून बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि गोळ्या महिनाभर आधीच संपल्या. त्यांना सिल्निडिपिन होतं. ते इथे मिळतच नाही, आणि चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव. इथल्या डॉक्टरला ते कळेना. आई-वडील येणार असतील तर औषधांची मूळ नावं आणि मात्रा लिहून आणा.

गोळी सकाळी की रात्री, असा प्रश्न बाबांना नेहमी पडतो. इथे एकवीस हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. हृदयविकार आणि अर्धांगाच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती धरा. लघवीची गोळी मात्र रात्री घेतली तर झोपमोड होते आणि अंधारात पडायची भीती.

बाळंतविडा (१७ जून, सकाळी १०:०५)

कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. सार्टन आणि प्रिल गटातली औषधं गरोदरपणात बाळासाठी धोक्याची आहेत. लॅबेटॅलॉल, मिथिलडोपासारखी औषधं त्या काळात वापरता येतात. मला पाळी चुकल्यावर दहा दिवसांनी हे कळलं आणि ते नऊ महिने काळजीत गेले. मुलगी सुखरूप आहे.

कृष्णाकाठ (१७ जून, रात्री ९:३०)

सगळं दोनदा वाचलं, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. उपकेंद्र, तुमच्यासारखी एखादी बाई आम्हाला मार्चमध्ये भेटायला हवी होती.

आईच्या पायाची सूज जवळजवळ गेली. बीपी आज १३६/७८, उभं राहून १३०. पाणी आता तहानेपुरतं, मीठ डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. भ्रमातलं तिला काही आठवत नाही, आणि अक्काबद्दल मी तिला सांगितलेलं नाही.

औषधाचा त्रास रुग्णाला स्वतःला कळवता येतो हे मला माहीत नव्हतं. केंद्र सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. मी आईची नोंद करणार आहे. तारखा कॅलेंडरवरून देईन.

ओसरी, सासूबाईंचं काय झालं?

रानवाट (१८ जून, सकाळी ८:२०)

मामांना गोळी सुरू झाली. पूर्वी कुठल्या गोळीने चक्कर यायची ते डॉक्टरांनी नीट विचारून घेतलं, ती टाळली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंय. लसूण जेवणात चालेल म्हणाले, त्यामुळे मामांनी फार ओढून धरलं नाही.

ओसरी (१९ जून, रात्री ८:४५)

कृष्णाकाठ, दोन दिवस धावपळ होती. डबा उघडून बसले तर अम्लोडिपिन १०, त्याच्यासोबत क्लोरथॅलिडोन, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, जे मेडिकलमधून सासरे आणत होते. तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या, आणि एका डॉक्टरला दुसऱ्याचं माहीत नाही. हल्ली त्या सारख्या झोपतात, त्याला आम्ही वय म्हणत होतो.

काल रक्त दिलं, आज रिपोर्ट आला. सोडियम १२७, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन आणि पेनकिलर दोन्ही थांबवायला सांगितलं. अम्लोडिपिन ५ वर आणलं, पाणी मोजून द्यायला सांगितलं. तीन दिवसांनी परत रक्त तपासायचं, आणि मधे कधीही बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट दवाखान्यात आणा म्हणाले. बीपी रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवते आहे.

आत्ता त्या जेवून पडल्या आहेत. तासाभराने उठवून दोन शब्द बोलून बघणार. रविवारचा रिपोर्ट आला की लिहिते.